हळदीची वजाबाकी

प्रणिता कऱ्हाळेच्या टेबलावर दिवसभर एकच तक्रार येई, फक्त तक्रार करणाऱ्यांची नावं बदलत. "मॅडम, फोटो एकच आहे. तुमच्या ॲपमध्ये एक रंग दिसतो आणि गप्पांच्या ॲपमध्ये दुसराच. खरा कोणता धरायचा?" सकाळी नंदुरबारचा वैद्यकीय अधिकारी, दुपारी गडचिरोलीची नर्स, आणि जेवायला डबा उघडला की हमखास एखादा जिल्हा समन्वयक. या माणसांना भूक लागत नसावी अशी प्रणिताची खात्रीच झाली होती.

उत्तर तिला पाठ होतं. कंटाळा न करता ती ते देई, कारण ते तिनंच रचलेलं होतं.

"असं बघा, फोटोच्या फाइलमध्ये रंग नसतोच. नुसते आकडे असतात. तांबडा इतका, हिरवा इतका, निळा इतका. आता समजा तुम्हाला कुणी सांगितलं, पाच विती कापड आणा. तर कुणाची वीत? तुमची की तुमच्या धाकट्या मुलीची? ते ठाऊक नसेल तर कापड कमीजास्त येणारच. फाइलीला एक चिठ्ठी जोडलेली असते, तिला प्रोफाइल म्हणतात. कुणाच्या वितीनं मोजायचं ते त्या चिठ्ठीत असतं. आमचं ॲप ती वाचतं. गप्पांचं ॲप फोटो लहान करायच्या घाईत चिठ्ठी फेकून देतं आणि आपल्याच वितीनं मोजत बसतं. म्हणून रंग वेगळा. तुम्ही आमचा धरा."

'आमचा धरा' हे ती इतक्या ठामपणे म्हणे की पलीकडचा माणूस आभार मानून फोन ठेवून देई.

हे 'आमचं' ॲप म्हणजे वर्णदीप. साध्यातल्या साध्या फोनचे पडदेही तोवर इतके उजळ आणि नेमके झाले होते की त्यांचाच दिवा करता येईल, ही कल्पना पुण्यातल्या या लहानशा कंपनीला सुचली. आशाताईनं बाळंतिणीच्या घरी जायचं, दार लोटून खोलीत अंधार करायचा आणि फोन बाळाच्या उघड्या छातीजवळ धरायचा. पडदा आधी तांबडा उजळे, मग हिरवा, मग निळा, शेवटी जांभळट. दर वेळी बाळाच्या कातडीवरून किती उजेड परत आला ते कॅमेरा मोजे. नवजात बाळाच्या रक्तातलं बिलिरुबिन वाढलं की कातडी पिवळी पडते, आणि पिवळी कातडी निळा उजेड गिळते. किती गिळला त्यावरून कावीळ किती ते कळे. सुई नको, रक्त नको. थोडी कावीळ बहुतेक बाळांना होते आणि आपोआप उतरते. पण ती फार चढली तर मेंदूत शिरते, आणि मग उतरून काही उपयोग नसतो. चढतेय हे वेळेवर कळणं, एवढीच काय ती लढाई असते. वर्णदीप ती लढाई गावोगाव जिंकत होतं.

फक्त हळदीच्या मुलखातून शिव्या येत. हिंगोली, नांदेड, तिकडं खाली सांगली. तिथं बाळाला न्हाऊ घालण्याआधी हळद लावल्याशिवाय आजीचं समाधान होत नाही, आणि हळद शिजवायच्या दिवसांत तर बायकांचे हात, उशांचे अभ्रे, दाराच्या कड्यासुद्धा पिवळ्या असतात. ॲपला तिकडचं प्रत्येक लेकरू काविळीचं दिसे. ओल्या बाळंतिणींना जीपमध्ये घालून जिल्ह्याच्या गावी न्यावं, तिथं डॉक्टरांनी रक्त तपासून "हळद आहे, बाई" म्हणून परत धाडावं, असं रोज चाललं होतं. शेवटी लोकांनी ॲपचं ऐकणंच सोडलं.

"तू वसमतकडची ना?" कंपनीचे प्रमुख सरनाईक तिला म्हणाले होते. "मग हळदीचं तूच बघ. आमच्यासारख्यांना ती फक्त वरणात माहीत."

प्रणितानं बघितलं. हळदीचा पिवळा आणि काविळीचा पिवळा कॅमेऱ्याला सारखेच दिसतात, दोघेही निळा उजेड गिळतात. पण हळदीला एक खोड आहे. जांभळट उजेड पडला की ती स्वतः मंद, हिरवट चमकते. बिलिरुबिन जवळजवळ चमकत नाही. मग काय, चमक मोजायची, चमकेवरून अंगावर हळद किती ते काढायचं आणि तेवढा पिवळा एकूण पिवळ्यातून वजा करायचा. उरेल ती कावीळ. ती वसमतला माहेरी गेली. आईनं कोमट पाण्यात डाळीचं पीठ आणि हळद कालवून दिली, प्रणितानं ती आधी स्वतःच्या हातावर आणि मग गल्लीतल्या ठणठणीत बाळांच्या अंगावर लावून मोजून पाहिली. वजाबाकी बरोबर आली. खोटे इशारे थांबले आणि लोक पुन्हा ॲपचं ऐकू लागले.

त्यावर डॉक्टरांची नवी तक्रार आली. आकडा म्हणतो बाळ ठीक आहे, आणि शेजारच्या चित्रात तर बाळ पिवळंधमक, आम्ही विश्वास कुणावर ठेवायचा? तक्रार रास्त होती. प्रणितानं चित्रातूनही हळद वजा केली. आता आकडा आणि चित्र एकमेकांशी तंतोतंत जुळू लागले. त्या वर्षी कंपनीत तिला बक्षीस मिळालं, आणि सरनाईकांनी भाषणात तिला 'आमची हळदीची लेक' म्हटलं. तिला ते आवडलं होतं, खोटं कशाला सांगा.

धाकट्या बहिणीचा, कावेरीचा फोन आला तेव्हा प्रणिताच्या पुढ्यात असाच डबा उघडलेला होता.

कावेरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. वडील या दोघी शाळेत असतानाच गेले, तेव्हापासून घरात शेवटचा शब्द प्रणिताचा असे. कावेरीनं कोणत्या शाखेला जावं, कोणती गाडी घ्यावी, पाहायला आलेल्या मुलांत पूर्णेच्या वैजनाथला होकार द्यावा की नाही, सगळं 'थांबा, ताईला विचारते' या एका वाक्यावर ठरलं होतं. तिला मुलगा झाला. पाचवीला वैजनाथ आणि त्याची आई गयाबाई आले आणि थोडे दिवस राहिले. नातवाला मांडीवर घेऊन न्हाऊमाखू घालायचं गयाबाईंनी आनंदानं स्वतःकडं घेतलं होतं.

"ताई, लेकरू पिवळं दिसायलंय गं," कावेरी म्हणाली.

"ॲप काय म्हणतंय?"

"आशाताई आत्ताच बघून गेल्या. हिरवी खूण आली. ॲपमधल्या चित्रात गुलाबी दिसायलंय. पण मी माझ्या फोननं फोटो काढला ना, त्यात पिवळंच हाए. डोळ्याच्या कडा बी. तुला पाठवलाय, बघ की. हे गाडी काढून उभे हाएत, नांदेडला दाखवून येऊ म्हणायलेत."

प्रणितानं डबा बाजूला सारला आणि फोटो मोठ्या पडद्यावर घेतला. बाळ पिवळं होतं. कपाळ, गाल, गळा, सगळं. मग सवयीचा हात चालू लागला. फाइलीला प्रोफाइल नाही, ठीक. मागं पिवळी भिंत, खिडकीला केशरी पडदा, म्हणजे खोलीतला उजेडच पिवळा. त्यात हळदीचे दिवस. तिनं वर्णदीपमधलं बाळाचं त्याच दिवसाचं चित्र काढून शेजारी ठेवलं आणि फोटोतले रंग सरकवत सरकवत त्याच्याशी जुळवत आणले. पिवळा उतरत गेला. बाळ गुलाबी झालं. दोन्ही चित्रं जुळली तेव्हा तिला बरं वाटलं, रोज वाटे तसंच.

"हा बघ खरा रंग," तिनं जुळवलेला फोटो कावेरीला परत पाठवला. "तुझा फोन चुकीचा दाखवतोय, कावू. ओली बाळंतीण तू, अंगावर टाके आहेत, या उन्हात कुठं निघालीस? आमचा धर."

"तू म्हणतीस तर ऱ्हाऊ दे मग," कावेरी म्हणाली. तिचा आवाज सैलावला होता.

फोन वैजनाथनं घेतला. हा जावई बोलायला मोठा सावकाश माणूस. "ताई, एकदा दाखवून आणलं तर बिघडलं कुठं? गाडी दारातच हाए."

"वैजनाथराव, तो हळदीचा पिवळा आहे. तो ओळखायचं गणित मीच केलंय. कशाला लेकराला त्या गर्दीत नेता?"

"बरं," वैजनाथ म्हणाला आणि त्यानं गाडी आत घेतली.

पुढचे दोन दिवस आईचे फोन येत राहिले, आणि ते कौतुकाचे होते. लेकरू गुणाचं हाए गं, रडतंच नाही. नुसतं झोपतंय. प्यायला उठवावं लागतंय. रोज आशाताई येत, रोज हिरवी खूण उमटे. मग एका सकाळी फोन आला तो कौतुकाचा नव्हता. बाळानं दूध तोंडात धरणं सोडलं होतं, मान मागं टाकून ते कमानीसारखं ताठ होत होतं आणि कुणी कधी ऐकला नव्हता अशा बारीक, चिरक्या आवाजात रडत होतं.

प्रणिता नांदेडला पोचली तोवर बाळाचं रक्त बदलून झालं होतं. काचेच्या पेटीत, निळ्या दिव्याखाली, डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला निजवलं होतं. त्या उजेडात त्याचा रंग कुठला हे कुणाला सांगता आलं नसतं. पेटीशेजारच्या स्टुलावर कावेरी बसली होती. प्रणितानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. कावेरीनं तो झटकला नाही, पण वरही पाहिलं नाही.

डॉक्टर तरुण होता आणि त्याचा चेहरा दमलेला होता. तो प्रणिताला बाहेर घेऊन गेला. "आई आणि बाळाचे रक्तगट जुळत नाहीत. अशा बाळांची कावीळ भराभर चढते. आणखी आधी आणलं असतं तर नुसत्या या दिव्यावर भागलं असतं. जीव वाचला आहे. पण मेंदूला लागलं आहे. ऐकू येत नाहीये त्याला, ते येईल असं मला वाटत नाही. हातापायांचं पुढं कळेल."

"त्याला रोज तपासत होते," प्रणिता म्हणाली.

"माहीत आहे. माझ्याकडंही रोज चित्र येत होतं त्याचं." त्यानं खिशातला टॅब काढून तिच्यापुढं धरला. "हे बघा. गुलाबी."

आपण कोण हे प्रणितानं त्याला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कपडे आणायचं निमित्त करून ती वसमतला घरी गेली. आई घरी एकटीच होती, चूल थंड होती. भर दुपारी प्रणितानं लॅपटॉप उघडला आणि दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. कावेरीनं पाठवलेलं पिवळं आणि वर्णदीपचं गुलाबी. आधी तिनं प्रोफाइल तपासलं. चिठ्ठी जागेवर होती, वीत बरोबर होती. फोन तपासला, त्याचा पडदा नेमका उजळत होता. मग तिनं वजाबाकीचे आकडे उघडले. ॲपच्या मते बाळाच्या अंगावर इतकी हळद होती की त्याला हळदीत लोळवलं असतं तरच ती लागली असती.

ती उठून न्हाणीत गेली. खिडकीत एक काचेची बाटली होती, तिच्यात दाट पिवळं तेल होतं.

"हे काय गं, आई?"

"विहीणबाईंचं तेल हाए ते. करडईच्या तेलात हळद कढवून आणली त्यांनी. त्यांच्यात तसंच लावतेत. मी आपलं पीठ कालवून ठेवलं होतं. पण त्या पाहुण्या, नातू बी त्यांचा. मी कशाला आडवी जाऊ?"

प्रणितानं दार लावून घेतलं, खिडकीला पोतं लावलं. तेलाचं बोट आपल्या मनगटावर ओढलं आणि पुसून काढलं. पुसट पिवळा पट्टा राहिला. फोन जवळ धरला. तांबडा, हिरवा, निळा, जांभळट. पडद्यावर तिचं मनगट उमटलं, आणि जिथं पिवळा पट्टा होता तिथली कातडी शेजारच्या कातडीपेक्षा गोरी दिसत होती. गोरी आणि किंचित निळसर, मेलेल्या माणसाच्या नखांसारखी. तिथं जेवढा पिवळा होता त्याहून कितीतरी अधिक ॲपनं वजा केला होता.

हळद पाण्यात असते तेव्हा मंद चमकते. तेलात विरघळली की तीच हळद, तेवढीच हळद, कितीतरी पट अधिक चमकते. रसायनशास्त्र शिकणाऱ्या कुठल्याही मुलाला हे पुस्तकात सापडलं असतं. प्रणिताचं गणित चमकेवरून हळद मोजत होतं, आणि ते गणित पाण्यात कालवलेल्या पिठावर बसवलेलं होतं. तेलाच्या चमकेनं ते फसलं. थोड्या हळदीला ते ढीगभर समजलं आणि त्यानं ढीगभर पिवळा वजा केला, त्यात काविळीचाही गेला. कुणी तेलात लावत असेल हे तिच्या मनातच आलं नव्हतं. तिच्या आईच्या घरात पिठात लावत, म्हणून सगळा मुलूख पिठात लावतो असं तिनं धरलं. वसमत आणि पूर्णेत असं किती अंतर! पण ती कुणाला विचारायला गेली नव्हती. हळदीबद्दल तिनं कुणाला काय विचारायचं?

आणि ती गप्पांच्या ॲपची तक्रार. ते बिचारं चिठ्ठ्या फेकणारं, आपल्याच वितीनं मोजणारं, अडाणी ॲप. त्याला हळद वजा करता येत नव्हती म्हणूनच त्यानं बाळ जसं होतं तसं दाखवलं. दोन ठिकाणी दोन रंग दिसत होते, हीच तर सूचना होती. प्रणितानं ती दुरुस्त केली होती. डॉक्टरांच्या टॅबवर केली, आशाताईच्या फोनवर केली, आणि कावेरीच्या फोटोतली जी शेवटची उरली होती ती स्वतःच्या हातानं, डबा बाजूला ठेवून केली. तिनं न्हाणीतल्या दगडावर बसून हंबरडा फोडला. आई दारावर थापा मारत राहिली.

सरनाईकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते.

"आजच सूचना काढू," ते म्हणाले. "तेलातली हळद बाळाला लावू नये."

"आणि ज्यांनी आत्ता लावलीय त्यांचं काय? वजाबाकी बंद करा, सर."

"बंद केली तर पुन्हा सगळे खोटे इशारे. पुन्हा लोक ऐकेनासे होतील. त्यात किती मुलं जातील, ते धरलंस का? पुढच्या आवृत्तीत नीट करू. तोवर सूचना पुरेल."

"सर, अशी सूचना निघाली तर दोष आज्यांच्या माथी जाईल."

"प्रणिता, दोष कुणाच्या तरी माथी जाणारच आहे," सरनाईक म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

वजाबाकी चालू-बंद करायचा अधिकार प्रणिताकडं होता, कारण ती तिचीच होती. आईच्या बाजेवर बसून तिनं ती बंद केली. त्या दुपारीच हळदीच्या तिन्ही जिल्ह्यांतल्या फोनवर धोक्याची तांबडी खूण उमटू लागली. नांदेडच्या दवाखान्याची पडवी बाळंतिणींनी भरून गेली. बायका लेकरं पदराखाली घेऊन भिंतीला टेकून बसल्या, बाप मंडळी ॲपला आणि सरकारला शिव्या देत उभी राहिली, आणि नर्सेस टाचांमधून रक्ताचे थेंब घेत फिरू लागल्या. प्रणिता एका खांबाआड उभी राहून बघत होती. बहुतेक लेकरं हळदीचीच निघाली. सगळी मात्र निघाली नाहीत. संध्याकाळपर्यंत निळ्या दिव्यांच्या पेट्या कमी पडल्या आणि दोन दोन बाळं एकेका पेटीत निजवावी लागली. त्या बाळांनाही रोज हिरवी खूण मिळत होती. आणि मागच्या काही महिन्यांत अशीच हिरवी खूण मिळून घरीच राहिलेल्या बाळांचं काय, हा विचार तिनं तिथं केला नाही. तो तिला पुढं आयुष्यभर करायचा होता.

सरनाईकांचा फोन आला. चौकशी होईपर्यंत तिनं कामावर येऊ नये, असं त्यांनी सांगितलं. वजाबाकी त्यांनी पुन्हा चालू केली नाही. तेलाची सूचना मात्र तोवर निघून गेली होती.

ती सूचना वसमतच्या गल्लीत बाळाच्या आधी पोचली. आशाताईंच्या फोनवरून ती बायकांच्या फोनवर गेली, आणि पाणी भरताना तिचा साधा अर्थ लागला की सासूच्या तेलानं लेकराचे कान गेले. बाळाला घरी आणलं तेव्हा गयाबाई ओसरीवर दारालगत बसल्या होत्या, त्या आत आल्याच नाहीत. नातवाला त्यांनी दवाखान्यापासून हात लावला नव्हता. कावेरी त्यांच्याशी एक शब्द बोलत नव्हती. वैजनाथ आईला पूर्णेला नेऊन सोडतो म्हणत होता, आणि तो एकदा सोडून आला की पुन्हा आणणार नाही हे सगळ्यांना कळत होतं. न्हाणीतली बाटली त्यानं गटारात ओतून टाकली होती.

"माझ्याच हातानं झालं, बाई," गयाबाई प्रणिताला म्हणाल्या. "चार लेकरं वाढवली मी ह्याच तेलावर. कुणाला कधी काई झालं नाही. म्हातारपणी हेच बघायचं होतं."

प्रणिताला गप्प बसता आलं असतं. म्हातारीनं दोष आपणहून पदरात घेतला होता, कंपनीनं त्यावर शिक्का मारला होता, आणि कावेरीच्या रागाला एक जागा सापडली होती. ती जागा प्रणितापासून दूर होती. कावेरी ही तिच्या हातावर वाढलेली पोर. तिला गमावण्यापेक्षा परक्या म्हातारीनं पूर्णेला जावं, असं तिच्या मनात आलं. खरंच आलं, आणि तिला स्वतःची किळस आली.

"मावशी, आत या," ती म्हणाली. गयाबाई हलल्या नाहीत, तेव्हा तिनं त्यांना दंडाला धरून आत आणलं आणि खाली बसवलं. खोलीत बाजेवर कावेरी बाळाला घेऊन बसली होती, भिंतीशी वैजनाथ होता, आई दारात होती.

"तेलानं काही झालेलं नाही," प्रणिता म्हणाली. "तेलानं कावीळ होत नाही, वाढत पण नाही. कावीळ रक्तातून आली होती. ती दिसायला पाहिजे होती आणि दिसली नाही, कारण ॲप ती झाकत होतं. ते झाकायचं गणित माझं आहे. मी आपल्या आईच्या पिठावर ते बसवलं आणि तेलाचं कुणाला विचारलं नाही. मावशींचा यात काही दोष नाही. सूचनेत लिहिलंय ते अर्धंच खरं आहे."

बाळ जागं होतं. त्याचे हात मध्येच ताठ होत आणि बोटं वेडीवाकडी वळत. दारात आईच्या हातातून फुलपात्र निसटून मोठ्यानं आदळलं, सगळे दचकले, आणि बाळ आढ्याकडं बघत राहिलं.

"ताई," कावेरी म्हणाली. इतक्या दिवसांत तिनं पहिल्यांदा बहिणीकडं सरळ पाहिलं. "मी तो फोटो पाठवला ना तुला. तू त्याला दुरुस्त करायच्या आधी तो तुला कसा दिसला?"

प्रणिताला भिंतीचा रंग आठवला, केशरी पडदा आठवला, फेकलेली चिठ्ठी आणि कुणाची वीत ते सगळं आठवलं. त्यातलं प्रत्येक वाक्य बरोबर होतं आणि ओठांवर आलं होतं.

"पिवळा," ती म्हणाली.

"किती?"

"तुला दिसला तेवढाच."

कावेरीनं मान हलवली. "मला दिसत होता," ती हळू आवाजात म्हणाली. "आई मी होते त्याची. मला माझ्या डोळ्यांनी दिसत होता, ह्यांनी गाडी काढली होती, आणि मी तुला विचारत बसले."

"कावू..."

"आता नको काई सांगूस. कधीच नको सांगूस."

ती बाजेवरून उतरली. टाक्यांमुळं तिला अजून सरळ उभं राहता येत नव्हतं. वाकत वाकत ती खाली बसलेल्या गयाबाईंजवळ गेली आणि तिनं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. "धरा, आत्याबाई. मानेखाली हात घ्या, मान टाकतोय तो." गयाबाईंनी हात पुढं केले, बाळाला छातीशी घेतलं आणि त्यांचा बांध फुटला. वैजनाथ खिडकीकडं तोंड करून उभा राहिला.

प्रणिता पुढं झाली. लहानपणापासून कावेरी रडली की तिला जवळ घ्यायचं एवढंच तिला येत होतं. पण कावेरी रडत नव्हती. तिनं खांद्यावरचा पदर सारखा केला आणि दारातल्या आईला म्हणाली, "आई, ताईला पान वाढ." मग प्रणिताकडं वळून, घरी आलेल्या पाहुणीला म्हणतात तशा अदबीनं ती म्हणाली, "जेवून जा, ताई. मग गाडी सापडायची नाही."